ओढ्यात गप्पी मासे सोडू द्यावेत का? (टाचण्या, डास आणि परळी खोरं)

उरमोडीकाठ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज धागा काढायची वेळ आली. आमचं गाव साताऱ्याच्या पश्चिमेला परळी खोऱ्यात, वरच्या अंगाला. नाव मुद्दाम देत नाही, सरपंच भावकीतले आहेत आणि त्यांच्या घरचेही इथे वाचतात. गावाच्या वर झरा आहे, त्याखाली दगडी कुंड, कुंडातनं निघालेला ओढा. उन्हाळ्यात ओढा तुटतो पण डोहांत पाणी राहतं. आता ठरलंय की मिरगाच्या आधी आरोग्यवाले गप्पी मासे घेऊन येणार आणि विहिरी, जनावरांचा हौद, कुंड, ओढ्यातले डोह, दिसेल त्या पाण्यात सोडणार. मागच्या पावसाळ्यात खालच्या आळीत डेंग्यूचे पेशंट निघाले होते त्यामुळं कुणाचा विरोध नाही, उलट सगळे खूश.

माझी अडचण अशी की मध्यंतरी हवाई बेटांवरच्या टाचण्यांबद्दल वाचलं. टाचणी म्हणजे चतुराच्याच गोतावळ्यातली, पण बारीक अंगाची आणि बसली की पंख मिटणारी. तिथं मेगालॅग्रिऑन नावाच्या गटातल्या २३ जाती आहेत आणि त्यातली एकही हवाईच्या बाहेर जगात कुठं सापडत नाही. १९०५ साली टेक्सासमधून डास मारायला गंबुशिया मासे आणून तिथल्या पाण्यात सोडले, मागनं गप्पी वगैरे त्यांची भावंडंही आली. डासांचं काय झालं ते झालं, पण माश्यांनी टाचण्यांची पाण्यातली पिल्लं खाल्ली आणि सखल भागातल्या कित्येक ओढ्यांतनं टाचण्या गायबच झाल्या.

आमच्या ओढ्यावर पावसाळ्यानंतर काळ्या पंखांच्या टाचण्या असतात, उन्हात पंख निळे चमकतात. लहानपणापासून बघतोय. तर मी ग्रामपंचायतीत उठून बोलावं का? बोललो तर पहिला प्रश्न ठरलेला आहे, "डेंग्यू झाल्यावर तुझी टाचणी येणार का सलाईन लावायला?"

ऊसवाला
हाहाहा शेवटचा प्रश्न सरपंचांचाच असणार. भावा बोल, पण भावकीत बोलायचं तर जेवण झाल्यावर बोल.

निवृत्त_बहुउद्देशीय
मी हिवताप विभागात नोकरी केली, आता रिटायर आहे. सायकलवर कॅन बांधून गप्पी मासे गावोगाव पोचवलेत, त्यामुळं मला हा धागा वाचून जरा रागच आला, स्पष्ट सांगतो. शहरात बसून हवाई बेटाचं वाचायचं आणि गावच्या माणसाला मासे नको म्हणायचं. डेंग्यूनं प्लेटलेट खाली आलेलं पोर बघितलंय का कधी कुणी? गप्पी मासा फुकट आहे, औषध लागत नाही, घाण पाण्यात जगतो, पिल्लं स्वतःच घालतो, अळ्या खातो. फवारणीचं विष परवडलं का मासा परवडला?

उरमोडीकाठ
काका राग मानू नका, मी शहरात नाही गावातच राहतो, आणि विहिरीत सोडायला माझा विरोध नाही. ओढ्यापुरतंच विचारतोय.

मिरजेचा_तंबोरा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

मंजिरी_सातारा
छान धागा. मी शाळेत विज्ञान शिकवते, सुट्टीत टाचण्या-चतुरांचे फोटो काढते. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं आहे पण हवाईचं उदाहरण इथे जसंच्या तसं चिकटवू नये असं मला वाटतं.

हवाई बेटं समुद्राच्या मधोमध, कुठल्याही खंडापासून हजारो किलोमीटर लांब. तिथल्या गोड्या पाण्यात मूळचे मासे मोजून पाच जातींचे, त्यांना ओपू म्हणतात. त्यांची अंड्यातनं निघालेली पिल्लं समुद्रात वाहत जातात आणि मोठी होताना पोटाखालच्या चकतीनं खडकाला चिकटत उलटी वर चढतात, काही जाती तर मोठाले धबधबे चढतात. पण पाण्यात मधल्या थरात फिरत, दिसेल ते टिपणारा मासा तिथे नव्हताच. त्यामुळे टाचणीच्या पिल्लांना लपायची सवय लागली नाही, ती उघड्यावर पोहतात. अशा पाण्यात गंबुशिया सोडला की काय होणार ते उघड आहे. ओआहू बेटावर जिथे हे मासे पोचले तिथून काळी-केशरी टाचणी गेली.

आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत मासे पहिल्यापासून आहेत. आपल्या टाचण्यांची पिल्लं दगडाच्या खाली, पाचोळ्यात, मुळांच्या जाळीत दडतात. उरमोडीकाठ दादा, तुमच्या ओढ्यातला दगड उचलून बघा, खालच्या बाजूला चपटं करडं पिल्लू घट्ट चिकटलेलं असेल. पांढऱ्या ताटलीत पाणी घेऊन त्यात ठेवलं तर दिसतं, पोटाच्या टोकाला तीन फुगीर पिशव्या, तेच त्याचे कल्ले. डबक्यातल्या साध्या टाचणीच्या पिल्लाला तिथे तीन पानं असतात, म्हणजे ओळखायला सोपं. आणि खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली दाबलेला असतो, भक्ष्य जवळ आलं की तो झटक्यात पुढे फेकून पकडतं, आपल्याला फक्त हलल्यासारखं दिसतं आणि अळी गायब झालेली असते.

तर गप्पी आले म्हणजे उद्या सगळं संपलं असं नाही. पण गप्पी आल्यानं काहीच होणार नाही असंही नाही.

ऊसवाला
मंजिरी मॅडम, म्हंजी आमची पिल्लं दडायला शिकल्याली आणि हवाईची साधीभोळी. पाव्हणा घरात शिरला आणि ताटातलं जेवून गेला.

पायपीट
मॅडम त्या ठोसेघरच्या टाचणीबद्दल पण सांगा की.

मंजिरी_सातारा
हो ते राहिलंच. २०२१ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या ठोसेघर परिसरातून टाचणीची नवी जाती जगासमोर आली, युफेआ ठोसेघरेन्सिस. म्हणजे गावाचं नाव थेट शास्त्रीय नावात. नराच्या मागच्या पंखाचा टोकाकडचा भाग काळाभोर. वाहत्या, स्वच्छ, सावलीतल्या ओढ्यांवर राहते. आपण सगळे ज्या धबधब्यावर कणीस खायला जातो त्या भागात एक जाती इतकी वर्षं नाव नसलेली उडत होती.

दादा, तुमच्या ओढ्यावरची तीच असेल असं मी म्हणत नाही. काळ्या किंवा चमकत्या पंखांच्या टाचण्या आपल्याकडे एकापेक्षा जास्त आहेत. नराचा बाजूनं आणि वरून फोटो काढा, पकडू नका.

उरमोडीकाठ
फोटो पावसाळ्यानंतरच मिळेल मॅडम, आता मे आहे. मासे मात्र आधी येणार.

जतकर
माफ करा पण एक विचारतो. तिकडं कुठल्या ओढ्यावर कुठली टाचणी यावर तुम्ही चर्चा करताय, आमच्या जतला ओढाच कुठंय ते दाखवा. टाचणी बघायला आधी पाणी पाहिजे.

वाईची_कृष्णाबाई
जतकर, तुमच्या मुद्द्याला धरूनच एक गोष्ट आहे म्हणून लिहिते. मी मूळची वाईची, लग्नानंतर बरीच वर्षं होनोलुलूत आहे. इथल्या ओआहू बेटावर काळी-केशरी हवाई टाचणी नामशेष झाली असंच सगळे धरून चालले होते. मग १९९० च्या दशकात एका लष्करी रुग्णालयाच्या आवारातल्या ओहोळात ती सापडली. ओहोळ केवढा, तर साधारण शंभर मीटरचा पट्टा. त्यात मासे पोचले नव्हते म्हणून ती उरली. पण ओहोळ आटायला लागला तेव्हा पाईपनं पाणी सोडून तो वाहता ठेवला! टाचणीसाठी लष्कर पाणी पुरवतंय, हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नवऱ्याला दोनदा विचारलं.

आणि हीच टाचणी पूर्वी काही दुर्मिळ वगैरे नव्हती बरं का. रॉबर्ट पर्किन्स नावाचे इथे किडे गोळा करणारे मोठे अभ्यासक होते, त्यांनी १९१३ च्या सुमारास लिहून ठेवलंय की होनोलुलूच्या बागांमध्ये ती सर्रास दिसते. आता कवाई बेटावरून पूर्ण गेली, ओआहूवर तो एक ओहोळ, बाकी मोलोकाई, माउई वगैरे बेटांवर तुरळक जागी. २०१६ मध्ये अमेरिकन सरकारनं तिला संकटग्रस्त यादीत घातलं. दुसऱ्या दोन जाती २०१० मध्येच त्या यादीत गेल्या होत्या.

जतकर
म्हणजे टाचणीला टँकर चालू आहे आणि आम्ही अजून प्रस्ताव पाठवतोय. बेस्ट.

मिरजेचा_तंबोरा
जतकर, हवाईला अर्ज करा. लिंगाच्या रकान्यात 'टाचणी' लिहा.

ऊसवाला
कृष्णाबाई ताई तिकडं शेतीला काय पिकतं? पाणी कुणी पळवलं म्हणायचं तिथं?

वाईची_कृष्णाबाई
ऊस. 😄

खरंच सांगते. एकोणिसाव्या शतकात साखरेच्या मळेवाल्यांनी पूर्व माउईच्या डोंगरातले ओढे पाट काढून वळवले आणि पाणी पलीकडच्या कोरड्या सपाटीवरच्या उसाला नेलं. १८७० च्या दशकात ते पाट सुरू झाले आणि वाढतच गेले. ओढ्याच्या वरच्या अंगालाच पाणी अडवायचं, खाली कोरडे खडक. टाचणी, ओपू मासे, खालच्या गावांतली अळूची खाचरं, सगळ्यांचंच पाणी तुटलं. अळू इथल्या मूळ लोकांचं मुख्य अन्न, आपल्यासारखं नुसतं फतफतं नाही, कंद उकडून कुटून खातात. त्यांनी वर्षानुवर्षं भांडण केलं. शेवटचा साखर कारखाना माउईवरच होता, तो डिसेंबर २०१६ मध्ये बंद पडला, आणि २०१८ मध्ये राज्याच्या पाणी आयोगानं पूर्व माउईच्या बऱ्याच ओढ्यांना पाणी परत सोडायचा आदेश दिला.

ऊसवाला
१५० वर्षं चालला का कारखाना. एफआरपी (उसाचा सरकारनं ठरवलेला किमान भाव) एकरकमी मिळत होती का टप्प्याटप्प्यानं तेवढं विचारा ताई. बाकी टाचणीचं दुःख कळलं.

निवृत्त_बहुउद्देशीय
ऊस आणि अळू झालं असेल तर मूळ विषयावर येऊ. मंजिरी मॅडमनी नीट लिहिलंय, त्यांच्याशी वाद नाही. पण काही लोक आता म्हणतील की डेंग्यूचा डास ओढ्यात होत नाही म्हणून ओढा सोडा. डेंग्यूचा एडिस खरंच ओढ्यात होत नाही. तो तुमच्या दारातल्या पिंपात, कुलरमध्ये, टायरमध्ये, फ्रीजच्या मागच्या ट्रेमध्ये, गच्चीवर पडलेल्या नारळाच्या करवंटीत होतो. पण हिवतापाचा डास वेगळा. त्याच्या काही जाती डोंगराच्या पायथ्याला ओढ्याच्या कडेला, गवतात अडकलेल्या संथ पाण्यात अंडी घालतात. हे कुणी लिहिलं नाही. अर्धं ज्ञान घेऊन ग्रामसभेत गेलात तर कुणीतरी जुना माणूस तुम्हाला गप करेल.

मंजिरी_सातारा
काका हा मुद्दा अगदी बरोबर आहे आणि महत्त्वाचा आहे. हिवतापाचा तो ओढ्यावरचा डास म्हणजे अॅनोफिलिस फ्लुव्हिआटिलिस, लॅटिन नावातच नदी आहे त्याच्या. मग मला सांगा, मागच्या वर्षी या गावात पेशंट कशाचे निघाले? डेंग्यूचे. मग ओढ्यात मासे कशासाठी?

निवृत्त_बहुउद्देशीय
आता खरं सांगू का. रजिस्टरला लिहावं लागतं किती ठिकाणी गप्पी सोडले. पिंपात मासा सोडला तर बायका ओतून देतात, पिंप धुतात, मासा मरतो. विहीर गावात चार. मग आकडा कुठून आणायचा? कॅन ओढ्यात ओतला की झालं, "नैसर्गिक स्थान – १". सगळीकडं असंच होतं असं म्हणत नाही, पण होतं.

पायपीट
बाप रे. धाग्याचं सार काकांनी एका परिच्छेदात सांगितलं.

मिरजेचा_तंबोरा
काका तुम्ही आधी रागावला होता ते कुणावर होता?

निवृत्त_बहुउद्देशीय
राग अजून आहे. हौद आणि विहिरीतल्या गप्पीला कुणी नावं ठेवायची नाहीत.

कराडी_मासेवाला
कराडात माझं फिश टँकचं दुकान आहे त्यामुळं गप्पीबद्दल दोन शब्द. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेतला. मादी अंडी घालत नाही, थेट जिवंत पिल्लं, आणि एकदा नराचा संग झाला की त्यावर पुढं कित्येक महिने वेती काढते. म्हणजे ओढ्यात एक गाभण मादी पोचली तरी वसाहत तयार. गिऱ्हाईकांना मी कायम सांगतो की कंटाळा आला तर मासे परत आणून द्या, नदीत सोडू नका, तरी लोक प्रीतिसंगमावर पुण्य म्हणून सोडून येतात. कृष्णेत चिलापी बघा, तोही बाहेरचाच, आज जाळं टाकलं की आधी चिलापीच. जुनी माणसं ज्या माश्यांची नावं घेतात ते बाजारात बघायला मिळत नाहीत.

आणि गंबुशिया गप्पीपेक्षा मवाली. दुसऱ्या माश्यांचे पंख कुरतडतो. भारतात १९२८ मध्ये आणला असं वाचलंय, आणि जगातल्या १०० सगळ्यात वाईट उपऱ्या जिवांची यादी आहे त्यात त्याचं नाव आहे. काही ठिकाणी गप्पी म्हणून गंबुशियाच देतात. नर रंगीत असेल तर गप्पी, सगळेच करडे असतील तर शंका घ्या.

उरमोडीकाठ
मासेवाले दादा, डासाच्या अळ्या खाणारा आपला इथला मासा नाही का?

कराडी_मासेवाला
आहे की. डोक्यावर चकचकीत पांढरा ठिपका असलेला बोटाएवढा मासा, पाण्याच्या वरच्या थरात काठाकाठानं फिरतो. अळ्या आवडीनं खातो. पण उड्या मारतो, हौदातनं बाहेर पडून मरतो. आणि कुठल्याही ओढ्यातनं पकडून कुठल्याही ओढ्यात सोडणं हेही काही शहाणपण नाही.

शिराळा_गल्ली
चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडवलंय का कुणी? आमच्या गल्लीत ज्याचा चतुर जास्त वेळ उडेल तो राजा. अवांतराबद्दल क्षमस्व.

ऊसवाला
बांधलाय. आणि आईचा मारबी खाल्लाय. टाचणीला दोरा बांधता येत नव्हता, शेपूटच तुटायचं.

वाईची_कृष्णाबाई
इथल्या टाचण्यांचं अजून एक वेगळं सांगते, माश्यांपुरतं ते नाही. काही जाती ओढ्यात राहतच नाहीत. एकीची पिल्लं झाडाच्या पानांच्या बेचक्यात साठलेल्या पाण्यात वाढतात, त्यातली एक वेल आपल्या केवड्याच्या कुळातली आहे. दुसरी तर त्याहून अजब, ओआहूवरची, तिचं पिल्लू पाण्यात राहतच नाही, नेच्यांच्या जाळीखाली ओल्या पाचोळ्यात चालतं! जगात टाचणीचं पिल्लू जमिनीवर राहतं असं फार क्वचित. पण तिथेही सुटका नाही. हवाईत मूळची एकही मुंगी नव्हती, आता बाहेरून आलेल्या कितीतरी जाती आहेत, त्या पाचोळ्यातलं काही सोडत नाहीत. वर रानडुकरं जंगल उकरतात, केवड्यासारखी झाडं मोडतात, म्हणून मैलोन्मैल कुंपणं घालून डुकरं बाहेर काढतात.

शिराळा_गल्ली
रानडुकरं बाहेर काढतात कशी तेवढं सांगा ताई, चांदोलीच्या कडेला आमचा भुईमूग शिल्लक राहत नाही.

वाईची_कृष्णाबाई
इथे हवाईत ती माणसांनी आणलेली आहेत, तुमच्याकडची मूळची. शिकारीला इथे परवानगी आहे, तुमच्याकडे वनखात्याला विचारल्याशिवाय काही करू नका हो.

पायपीट
जपानच्या ओगासावारा बेटांचं पण असंच आहे ना? मी एक माहितीपट बघितला होता. तिथं मासा नाही, सरडा. अमेरिकेतला हिरवा अॅनोल, पाळीव म्हणून किंवा मालाबरोबर आला आणि चिचिजिमा, हाहाजिमा या दोन मोठ्या बेटांवरच्या स्थानिक टाचण्या-चतुर जवळजवळ संपवले. म्हणजे पिल्लू पाण्यात वाचलं तरी पंख फुटून काठावर बसलं की सरडा टपलेला. मग शेजारच्या सरडा नसलेल्या बेटांवर लोकांनी टब पुरून छोटी तळी केली. २०१३ मध्ये त्यातल्या एका बेटावरही सरडा पोचला, आता चिकट सापळे आणि कुंपणं.

मंजिरी_सातारा
हो, ओगासावारा. २०११ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं, आपलं कास आणि पश्चिम घाट २०१२ मध्ये. यादीत गेल्यानं आपोआप काही वाचत नाही हे दोन्हीकडे दिसतं.

कासचा विषय निघालाच आहे तर माझी खरी काळजी इथे लिहिते. ओढ्यांत आपल्याकडे मासे आहेत म्हटलं मी. पण सड्यावर, कातळावर पावसात जी डबकी भरतात, तिथे मासे नाहीत. चार महिन्यांचं पाणी, मग कोरडा कातळ. त्यात वाढणारे जीव, टाचण्या, बेडकांची पिल्लं, पाण्यातले भुंगे, यांना माश्याची सवय नाही. ती आपली बेटं. तिथे कुणी डासाच्या नावाखाली गप्पी सोडले, किंवा पर्यटकांसाठी डबकं खणून बारमाही तळं केलं आणि त्यात मासे टाकले, तर हवाईचं उदाहरण अक्षरशः लागू पडतं. चाळकेवाडीकडे पवनचक्क्यांसाठी रस्ते झाले तेव्हा डबक्यांवर मुरूम पडला, तो अजून तिथेच आहे.

आणि गाड्या धुणं. ठोसेघरच्या वाटेवर रविवारी बघा, ओढ्यात चाकं घालून शाम्पूनं गाडी धुतात, गाणी लावून. मासा तरी पोटासाठी खातो.

पायपीट
+१००. मी एकदा एका पुणेरी कुटुंबाला म्हटलं की हे पाणी खालचं गाव पितं, तर काका म्हणाले वाहतं पाणी आहे, वाहून जाईल. कुठं जाईल काका? खाली गावात.

मिरजेचा_तंबोरा
पुणेकरांना वाहून न्यायला उरमोडी अपुरी आहे.

व्यवस्थापक
पुण्यावरचे विनोद दुसऱ्या धाग्यावर. तसेच दुर्मिळ जातींच्या ओढ्यांचे नेमके ठिकाण, नकाशाच्या लिंका इथे टाकू नयेत. वर एका प्रतिसादातून लिंक काढली आहे.

जतकर
मघाशी मी टोमणा मारला पण वाचतोय सगळं. मंजिरी मॅडम, नाही वाचली एखादी टाचणी तर बिघडतं काय? भांडायला विचारत नाही, ग्रामसभेत हेच विचारतील म्हणून.

मंजिरी_सातारा
प्रामाणिक उत्तर, तुमच्या पुढच्या वर्षीच्या उसाला किंवा डाळिंबाला काही फरक पडणार नाही. टाचणी डास खाते हे खरं, पिल्लूही डासाच्या अळ्या खातं, पण ग्रामसभेत "टाचण्या वाचवा, डेंग्यू जाईल" असलं काही सांगू नका, ते खोटं ठरेल आणि मग कुणी ऐकणार नाही. मी एवढंच सांगते की ही पिल्लं घाण पाण्यात टिकत नाहीत. ज्या ओढ्यात ती आहेत त्या ओढ्याचं पाणी अजून बरं आहे. ती गेली तर काहीतरी बिघडलंय, आणि ते तपासायला लॅबचा खर्च लागत नाही. जगभरच्या ६,०१६ जाती तपासून २०२१ मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेनं सांगितलं की चतुर-टाचण्यांपैकी १६ टक्के जाती धोक्यात आहेत. आपल्या जिल्ह्यात तर आपण नीट मोजलेलंही नाही.

जतकर
"पाणी बरं आहे का ते कळतं" हे चालेल. हे गावाला पटतं.

वाईची_कृष्णाबाई
ओआहूवर आता ती काळी-केशरी टाचणी सरकारी प्रयोगशाळेत वाढवून मासे नसलेल्या ठिकाणी सोडतात. पिल्लं एकमेकांनाच खातात, म्हणून ती वेगवेगळी ठेवून खाऊ घालावी लागतात. एवढा खटाटोप, पगारी माणसं, आणि सोडलेल्या ठिकाणी ती टिकतीलच याची खात्री नाही. तुमच्याकडे ओढा अजून जागेवर आहे, तेव्हाच बोललेलं स्वस्त पडेल.

उरमोडीकाठ
मंडळी, अपडेट. परवा ग्रामपंचायतीत बोललो. भाषण केलं नाही, निवृत्त काकांचं सांगणं लक्षात ठेवून आरोग्यसेवकांनाच विचारलं की आपल्या गावात हिवतापाचा पेशंट शेवटचा कधी निघाला. त्यांनी रजिस्टर चाळलं, त्यांच्या काळात एकही नाही. मग म्हटलं पेशंट डेंग्यूचे, तर डास घरात, मग मासे ओढ्यात का? ते हसले, म्हणाले तुम्हाला कुणी शिकवलं. बहुतेक काकांच्याच हाताखाली शिकलेले असणार.

ठरलं असं: विहिरीत आणि हौदात गप्पी सोडायचे, डोहात नाहीत, आणि खालच्या आळीत दर शनिवारी कोरडा दिवस (साठवलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करायची), आशाताईंबरोबर शाळेतली पोरं घरोघर पिंपं तपासणार. कुंडाचं अजून अडलंय. सरपंच म्हणतात कुंडात सोडू, ओढ्यात नको, सगळ्यांचं समाधान.

कराडी_मासेवाला
कुंडातनंच तर ओढा निघतो ना राव? मग कुंडात सोडले काय आणि ओढ्यात सोडले काय!

उरमोडीकाठ
तेच मी म्हटलं. तर म्हणाले तोंडाला जाळी लावू.

कराडी_मासेवाला
गप्पीचं नवं पिल्लू पाच-सात मिलिमीटरचं असतं. बाजारातल्या कुठल्याही लोखंडी जाळीतनं आरपार. आणि पावसात कुंड वरनं ओसंडतं तेव्हा जाळी काय करणार? कुंड झऱ्याचं आहे म्हणजे पाणी सतत बदलतंय, तिथं एडिस होतोय का हेच आधी बघा. चमच्यानं नाही, पांढऱ्या डावानं पाणी काढून अळ्या मोजा.

आणि तुमचा हौद? हौदाचा सांडवा कुठं जातो?

उरमोडीकाठ
...ओढ्यात.

ऊसवाला
झालं का. आता हौदाला भावकीतली जमीन आडवी येणार बघा.

निवृत्त_बहुउद्देशीय
येत नाही. हौदाचा सांडवा शोषखड्ड्यात घ्या, तेवढं काम रोजगार हमीत बसतं, ग्रामसेवकाला सांगा. तोवर सांडव्याच्या पाईपला मच्छरदाणीचं कापड दुहेरी करून बांधा, आठवड्याला सोडून धुवा नाहीतर शेवाळानं चोंदतं आणि हौद फुटल्यासारखा वाहतो. हौद काठोकाठ भरू नका, वीतभर मोकळा ठेवा. कुंडात मासे नकोत, कराडवाले बरोबर बोलतायत, सरपंचांना माझं नाव सांगा, ओळखतात. आणि पिंपात मासा सोडून बायका ओततात म्हणून पिंप सोडून देऊ नका, पिंपाला झाकण हेच औषध. झाकण नसेल तर जुनं लुगडं बांधा.

उरमोडीकाठ
काका, शोषखड्ड्याचा अर्ज नमुना कुठला? सोमवारीच देतो.

निवृत्त_बहुउद्देशीय
साध्या कागदावर द्या, जागेचा उतारा जोडा. हौद गावठाणात असेल तर उतारा लागतो का ते ग्रामसेवकाला विचारा.

मिरजेचा_तंबोरा
हवाईहून निघालेला धागा गावठाणाच्या उताऱ्यापर्यंत आला. आता ऊसवाले फॉर्म भरून देतील.

ऊसवाला
भरून देतो की. पण 'अर्जदार' म्हणून टाचणीचा अंगठा कुणी घ्यायचा?